हूं म्हणा, पुढं जाऊ

नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये, असं शहाणी माणसं सांगतात. पण ते नवरा-बायको आपलेच आई-बाप असतील आणि त्यांच्या अबोल्यापायी आपला सिनेमा अडकला असेल तर काय करायचं, हे कुणा शहाण्यानं सांगितलेलं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून मी पडले. आधी चांगली तोंडावर पडले, तेही सांगते.

मी कीर्ती मगदूम. इचलकरंजीत राहते आणि कॉम्प्युटरवर कार्टूनचे सिनेमे करते. माझा स्टुडिओ आमच्या अण्णांच्या जुन्या शेडमध्ये आहे. तिथं पूर्वी त्यांचे यंत्रमाग खडखडायचे. माग विकले, शेड रिकामी पडली आणि मी तिथं पडदा लावला. आता तिथं नवीन यंत्र बसलंय. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. पण या शेडमधल्या यंत्राला दुसरं काय म्हणणार? सगळे त्याला मागच म्हणतात.

आमचा सिनेमा आक्काच्या गोष्टीवर होता. आक्का म्हणजे माझी आई, कुसुम मगदूम. आम्ही जैन, त्यामुळं जेवण दिवस मावळायच्या आत. जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की दिवेलागणीला आक्काची गोष्ट ठरलेली. आधी नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणे. माझे तिन्ही मामा याच गावात राहतात आणि सहसा घराबाहेर पडत नाहीत, पण हे आक्काला कोण सांगणार?

गोष्ट जुनीच, तिच्या आजीकडून आलेली. धोंडबा आणि गोदाक्का हे एक जोडपं, एकापेक्षा एक हट्टी. गोदाक्कानं धपाटी थापली, दोघांनी खाल्ली, शेवटी एकच उरलं. ते कुणी खायचं? लागली पैज. जो आधी बोलेल त्याचं धपाटं गेलं. दोघं अंथरुणावर आडवी झाली आणि मूग गिळून गप्प पडली. शेजारीण ताक मागायला आली, उत्तर नाही. वैदू आला, मांत्रिक आला, सगळं गाव गोळा झालं. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणालं भूत लागलं. चोर येऊन म्हैस सोडून न्यायला लागला, तरी ही दोघं छताकडं बघत गप्प. शेवटी कुणीतरी एक जण बोलतो.

कोण, ते मात्र आक्का ठरवायची. त्या दिवशी अण्णांनी न सांगता गजरा आणला असला तर गोदाक्का आपण होऊन हरायची. न सांगता पाहुणे आणले असले तर धोंडबा सगळ्यात आधी बोंबलायचा, वर गावाचा मारही खायचा. शेवटावरून आम्हा भावंडांना घरातली हवा कळायची.

आता मागाचं सांगते. पूर्वी कार्टूनचा सिनेमा एकदा काढला की काढला. मागावरून उतरलेलं कापड ठाणात गुंडाळून ठेवावं तसा. प्रेक्षक हसोत, झोपोत, सिनेमा आपला तोच. आमचा माग सिनेमा समोर बसलेल्या माणसांच्या देखत विणतो. उभे धागे आम्ही बांधून देतो: पात्रं कोण, काय घडतं, कशानंतर काय. आडवा धागा प्रेक्षकांचा. पडद्याखाली अंधारातही बघणारे बारीक कॅमेरे, छताला माइक. लोक हसले किती, श्वास रोखला का, खुर्चीत चुळबूळ करतायत का, हे सगळं मागाला कळतं. पडद्यावर एक क्षण चालू असतो तेवढ्यात तो पुढचे काही क्षण रंगवून, बोलवून तयार ठेवतो. लोक रंगलेत असं वाटलं तर तेच लांबवतो, कंटाळले वाटलं तर पटकन पुढं सरकतो. त्यामुळं कुठलेही दोन खेळ सारखे होत नाहीत. चांगली गोष्ट सांगणारी बाई तरी दुसरं काय करते?

सांगायचं कसं, हे माग आक्काकडूनच शिकला. कितीतरी संध्याकाळी आक्का आमच्या माजघरात गोष्ट सांगत होती आणि आम्ही रेकॉर्ड करत होतो. तिचा आवाज, तिची चाल, भुवया उडवणं, ओठ मुडपणं, सगळं त्यानं उचललं आणि पडद्यावरच्या तरुण गोदाक्काला दिलं. पैज लागेपर्यंत सिनेमात गोष्ट तीच सांगते. अण्णा नेहमीप्रमाणं समोर बसायचे आणि हुंकार द्यायचे. आमच्याकडं हुंकाराशिवाय गोष्ट होत नाही. सांगणारी थांबली की ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं. नाही म्हटलं तर गोष्ट तिथंच राहते. अण्णांचा जन्म मागाच्या खडखडाटात गेला, कान अर्धे गेलेत. आक्काचं बोलणं ते तिच्या ओठांवरून वाचतात आणि त्यांचा हुंकार गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

पहिला खेळ शेडमध्ये केला. गल्लीतली पोरं, त्यांच्या आया, आणि पुढच्या रांगेत आक्का आणि अण्णा. मुंबईहून आमचे निर्माते भरूचा साहेब आले होते. पोरं हसली, काय हसली! पण ती दोघं अंथरुणावर गप्प पडली आणि शेडमध्येही शांतता झाली, तसा माग बिथरला. शांतता म्हणजे लोक कंटाळले, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं लगेच म्हैस मागच्या दोन पायांवर उभी करून नाचवली. मांत्रिक चुलीवर पडला. तेवढ्यानं भागेना म्हणून गोदाक्का स्वतःच उठून बसली आणि प्रेक्षकांना पैज समजावून सांगायला लागली. म्हणजे बाई पैज हरली आणि तिला पत्ताच नाही. पोरं तरीही हसली. खेळ संपल्यावर एका चिमुरडीनं विचारलं, धपाटं कुणी खाल्लं? 

भरूचा साहेब खूश होते. हसण्याचा आलेख कसा चढता आहे ते त्यांनी मला दोनदा दाखवलं. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. शेडच्या दारात आक्का उभी होती आणि तिचा चेहरा बघून मीच तिच्याकडं गेले.

झालं होतं असं, की खेळ चालू असताना अण्णांनी हुंकार दिला होता. एकदा नाही, वेळोवेळी, खणखणीत. पडद्यावरच्या गोदाक्काला.

"लगीन झाल्यापासनं या माणसानं माझ्याशिवाय कुणाच्या गोष्टीला हुंकार दिला न्हाई," आक्का मला म्हणाली. "आज त्या पडद्यावरच्या बाईला दिला. मी शेजारी बसलेली असताना. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं न्हाई."

मी हसले. तिथंच चुकलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला उशिरा दिसलं. मग तिनं सांगून टाकलं की आजपासून गोष्ट बंद, ज्यांना हुंकार द्यायचा त्यांनी पडद्याला द्यावा.

अण्णांना विचारलं तर त्यांचं म्हणणं वेगळंच. ओठ तिचेच होते, बोलणं तिचंच होतं, मग मी परक्या बाईला हुंकार दिला कसा, असं ते मलाच विचारायला लागले. तिला जाऊन सांगा म्हटलं, तर तेही फुगून बसले. मी काय चोरी केली का? ती बोलेल तेव्हा बोलेन. घ्या. गोष्ट पडद्यावर चालली होती ती घरात आली, फक्त आमच्याकडं धपाटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी टपालखातं झाले. आक्का स्वयंपाकघरातून सांगायची, तुझ्या अण्णांना सांग, रक्तदाबाची गोळी राहिलीय. अण्णा समोरच बसलेले, तिच्या ओठांवरून त्यांना अक्षर न अक्षर कळलेलं. तरी ते माझ्याकडं वळून थांबायचे. मी पुन्हा म्हटलं की मगच गोळी तोंडात. एकदा मी वैतागून बोललेच नाही, तर गोळी हातात घेऊन ते तसेच बसून राहिले. शेवटी मीच शरण गेले.

हसू नका, माझ्या गळ्याशी आलं होतं. सिनेमाचा शेवट अजून पक्का नव्हता. आक्कानं रेकॉर्डिंगमध्ये दर वेळी वेगळा शेवट सांगितलेला, त्यामुळं मागाला कुठला खरा ते ठरवता येईना. दिवाळीला सिनेमा लागणार होता. भरूचा साहेबांनी मला शनिवारपर्यंतची मुदत दिली. तोवर आक्कानं एक शेवट सांगितला तर तो. नाही सांगितला तर माग स्वतः ठरवणार, ज्यात लोक जास्त हसतील तो. काय ठरवेल ते बघावं म्हणून मी एकदा त्याला मोकळं सोडलं. त्यानं धपाट्याला पंख फोडले. धपाटं उडालं, त्याच्यामागं म्हैस उडाली, गाव टाळ्या वाजवतंय, समाप्त. हसू आलंच, मलासुद्धा आलं. मग वाटलं, माझ्या पणजीपासून आलेली गोष्ट ही. ती अशी उडून गेली तर आक्का ती पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही. आणि पोरांना वाटेल, गोष्ट हीच. या विचारानं मला जेवण गोड लागेना.

आक्काकडं गेले. हातापाया पडले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, सांगायला माझी काही ना नाही, पण हुंकाराशिवाय मला सांगता येत नाही, आणि तो मी मागणार नाही. मी देते हुंकार, म्हटलं. दिलाही. दोन वाक्यांनंतर ती थांबली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी भाजीत मीठच घातलं नव्हतं. तुझा हुंकार घाईचा आहे, एवढंच म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडं वळली.

आता झरीनचं सांगते. झरीन मुजावर, मिरजेची, आमच्याकडं आवाजाचं सगळं बघते. शांत मुलगी, माझ्यासारखी आदळआपट नाही. मी तिच्याजवळ रडगाणं गायला गेले तर ती कानाला हेडफोन लावून बसलेली, चेहरा उतरलेला. तिनं हेडफोन माझ्या कानाला लावले. आक्काची मूळ रेकॉर्डिंगं होती. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पंख्याची घरघर, आणि मधेमधे अण्णांचं "हूं".

रेकॉर्डिंग मागाला शिकवायला द्यायच्या आधी झरीननं ती साफ केली होती. शिट्ट्या काढल्या, पंखा काढला, खोकला काढला. आणि हुंकारही काढले. आवाज काढल्यावर मधे मोकळी जागा राहते, तीही सांधून टाकली. अगदी नीटनेटकं काम, सगळीकडं असंच करतात. मीही ते ऐकून शाबास म्हटलं होतं. हुंकारातच लहानाची मोठी झालेली मी, आणि मला त्यात काही गेल्याचं कळलं नाही.

मूळ ऐकलं तेव्हा कळलं. आक्का एक वाक्य बोलते आणि थांबते. हुंकार लगेच आला तर पुढचं वाक्य मजेचं. उशिरा आला तर ती आवाज खाली आणते, चोर पावलांनी येतो. हुंकार आलाच नाही तर ती तशीच थांबून राहते, अण्णांना विचार करायला जागा देते. निम्मी गोष्ट त्या थांबण्यात होती. मागाला आम्ही जी बाई शिकवली ती कुणासाठी थांबतच नव्हती. तिला शांततेची भीती वाटली तर तिचा काय दोष?

झरीन म्हणाली, चूक माझी. मी म्हटलं, निम्मी माझी, आता रडत बसू नको. आम्ही मागाला मूळ रेकॉर्डिंगं दिली, शिट्ट्यांसकट, आणि पहिल्यापासून शिकायला बसवलं. तो शिकेपर्यंत शुक्रवारची दुपार झाली. मग रिकाम्या शेडमध्ये आम्ही दोघींनी खेळ लावला. छान सुरू झाला. गोदाक्का म्हणाली, "तर मग धपाटं एकच उरलं," आणि थांबली. थांबली ती थांबलीच. पापण्या हलतायत, श्वास चाललाय, पण पुढं काही नाही. झरीननं वायरी तपासल्या. मी मागाच्या पेटीवर हात ठेवून बघितला, गरम झाली असेल म्हणून. सगळं ठीक. शेवटी मी खुर्चीत बसले आणि कपाळावर हात मारून म्हटलं, "हूं, झालं कल्याण!"

गोदाक्कानं मान डोलावली आणि पुढं बोलायला लागली.

 मग झरीन इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला मिठीच मारली. सिनेमा हुंकाराची वाट बघत होता.

शनिवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी दोघांना शेडमध्ये आणलं. एकत्र येईनात म्हणून वेगवेगळं आणलं. आक्का म्हणाली, मी झरीननं बोलावलं म्हणून येतेय, तुझ्यासाठी नाही. अण्णांनी नुसती टोपी घातली. मधे दोन खुर्च्या सोडून दोघं बसली. माइक चालू ठेव, मी झरीनच्या कानात सांगितलं.

खेळ सुरू झाला. गोदाक्का पहिल्यांदा थांबली तेव्हा अण्णांचे ओठ हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले. हुंकार मी दिला, माझा तो घाईचा. गोदाक्का कशीबशी पुढं गेली. असं करत करत अंथरुणापर्यंत आलो. पडद्यावर दोघं आडवी झाली, गावातली माणसं दारात जमली, आणि गोदाक्कानं मान वळवून आमच्याकडं बघितलं. थांबली. आता मी मुद्दामच गप्प राहिले.

पडद्यावर गोदाक्का आणि धोंडबा गप्प. शेडमध्ये आक्का आणि अण्णा गप्प. ज्या मागाला घटकाभर शांतता सोसत नव्हती तो आता निवांत थांबला होता. चोर म्हशीच्या दाव्याला हात लावून तसाच उभा. म्हैससुद्धा नाचली नाही. यापुढं माझ्याकडं काही उरलं नव्हतं. मी अण्णांकडं बघितलं. ते पडद्याकडं बघतच नव्हते. कधीपासून कोण जाणे, ते आक्काच्या ओठांकडं बघत होते.

आक्काला ते ठाऊक नव्हतं. ती पडद्यावरच्या पोरीकडं बघत होती. त्या पोरीच्या चेहऱ्यावर तिचंच वाट बघणं होतं. एवढ्या वर्षांत तिनं ते बाहेरून कधी बघितलं नसणार. तिला ते बघवेना.

"अहो," आक्का म्हणाली, "द्या की हुंकार. ताटकळलीय बिचारी."

अण्णा उठले. दोन खुर्च्या ओलांडून आक्काच्या शेजारी बसले, पडद्याकडं पाठ करून, तोंड तिच्याकडं करून.

"हूं," ते म्हणाले. "तू सांग."

आक्कानं डोळ्यांना पदर लावला. मग पदर खोचला आणि सांगितलं. माग ऐकत होता, ती जसं सांगेल तसं पडद्यावर विणत होता, पण तिकडं तिनं एकदाही बघितलं नाही. तिनं सांगितलं, की चोरानं म्हैस सोडली, दोघं मेली समजून गावानं ताटी बांधायला घेतली, तरी धोंडबा बोलेना. मग गोदाक्काच बोलली.

"हूं."

काय बोलली? म्हणाली, अहो, तुम्हाला भूक लागली असंल.

"हूं."

पैज हरली. धोंडबानं उठून धपाटं घेतलं, मधोमध मोडायला गेला तर वेडंवाकडं मोडलं. मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, मी केव्हाचाच बोलणार होतो, पण तू आधी बोलशील असं वाटलं न्हाई.

अण्णांनी या वेळी हुंकार दिला नाही. त्यांनी नुसता आक्काचा हात धरला. पडद्यावर चित्र थांबलेलं, झरीन डोळे पुसतेय, मी नाक ओढतेय. मग अण्णांनी सावकाश विचारलं, आणि म्हैस?

म्हैस चोराला दूध देईना, आक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी आपली आपण घरी आली.

तोच शेवट राहिला. भरूचा साहेबांनी फोनवर कुरकुर केली. थांबणारा सिनेमा कोण बघणार, म्हणाले. येऊन बघा, मी म्हटलं. ते आले, बघितला, आणि जाताना कुठं कुठं हुंकार द्यायचा ते झरीनला विचारून गेले.

दिवाळीत, थिएटराथिएटरांत मागाचे कॅमेरे-माइक बसवून, सिनेमा लागला आणि पहिल्याच दिवशी पुण्याहून एका थिएटरच्या मॅनेजरचा फोन आला. पिक्चर अडकलंय, बाई पडद्यावर नुसती बघतेय, लोक ओरडायला लागलेत. लोकांना हूं म्हणायला सांगा, मी म्हटलं. तो मला वेडी समजला असणार. पण थोड्याच वेळात फोनमधून सगळ्या थिएटरचं "हूं" मला ऐकू आलं आणि पाठोपाठ हसण्याचा लोट आला. कोल्हापुरात कुणाला सांगावं लागलं नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पहिला हुंकार दिला, मग पोरांनी तो उचलला. एका जागी मात्र पोरं मुद्दाम हूं म्हणेनात, गोदाक्का किती वेळ थांबते ते बघायला. थांबली ती. शेवटी पोरंच हरली.

शेडमधल्या पहिल्या खेळाची ती चिमुरडीही पुन्हा बघायला आली होती. धपाटं दोघांनी खाल्लं, तिनं आईला समजावून सांगितलं, पण बाईला मोठं मिळालं.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही सगळी माजघरात होतो. अण्णा घसा खाकरून म्हणाले, आज गोष्ट मी सांगणार. आम्ही चाट पडलो. या माणसानं जन्मात गोष्ट सांगितली नव्हती, नुसती ऐकली होती. सांगितली काय, वाट लावली. शेजारणीच्या आधी म्हैस आणली, वैदूचं नाव विसरले, धोंडबाला दोनदा जेवू घातलं. मधेच एका वाक्यावर थांबले आणि आमच्याकडं बघायला लागले. आम्ही पोरं काही बोललो नाही. तो हुंकार आमचा नव्हताच.

आक्का मेथी निवडत बसली होती. बाहेर दिवस मावळलेला, मामांच्या वाटेची काळजी नव्हती. तिनं एक काडी खुडली, पानं टोपलीत टाकली आणि मान वर न करता म्हणाली, "हूं."

पण अण्णांना ओठ दिसले नव्हते. ते तसेच थांबले. तेव्हा आक्कानं मान वर केली, त्यांच्याकडं तोंड केलं आणि पुन्हा म्हणाली, "हूं. पुढं?"